लेनर्ड कोहेन, साठीनंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोहेन म्हणजे नक्की कोण, आणि सगळं सोडून साठीनंतरचाच का?

कॅनडातल्या माँट्रियलचा कवी. जन्म २१ सप्टेंबर १९३४. आधी कवितासंग्रह, मग दोन कादंबऱ्या, आणि लेखनावर घर चालत नाही हे कळल्यावर गाण्यांकडे वळला. पहिला अल्बम डिसेंबर १९६७ ला आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, म्हणजे त्या काळातल्या पोरासोरांच्या गर्दीत तो सुरुवातीलाच वडीलधारा. बहुतेकांना तो त्या पहिल्या दोन-तीन अल्बमवरूनच माहीत असतो, गिटार, हळू आवाज, उदास चेहरा, विषय संपला. त्यावर चिक्कार लिहून झालंय म्हणून इथं ते नाही. माझं मत असं की त्याचं सगळ्यात भारी काम साठीनंतरचं, आणि त्यातही २००८ ते २०१६ मधलं आहे. "बिचाऱ्याचे पैसे गेले म्हणून म्हातारपणी गावं लागलं" ही जी स्टोरी सगळे सांगतात ती खरी आहे, पण अर्धीच.

मग साठीपर्यंत काय परिस्थिती होती?

चढउतार. युरोपात नाव, कॅनडात नाव, अमेरिकेत मात्र कायम दुसऱ्या रांगेत. १९८४ चा 'व्हेरियस पोझिशन्स' हा अल्बम त्याच्या स्वतःच्याच कंपनीनं, म्हणजे कोलंबियानं, अमेरिकेत काढायला नकार दिला होता, आणि गंमत बघा, पुढं जगभर गाजलेलं 'हॅलेलुया' हे गाणं त्याच अल्बममध्ये आहे. १९८८ च्या 'आय'म युअर मॅन'नं गाडी परत रुळावर आली, सिंथेसायझर आला, आवाज खाली उतरला, विनोद दिसायला लागला. १९९२ ला 'द फ्युचर' आला, १९९३ ला त्याची टूर झाली, त्या टूरमध्ये दारू भरपूर चालली होती हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय. टूर संपली आणि हा माणूस डोंगरावर निघून गेला.

डोंगरावर म्हणजे?

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला माउंट बाल्डी नावाचा डोंगर आहे, तिथं सहा हजार फुटांच्या वर एक झेन बौद्ध मठ आहे. कोहेनचे गुरू क्योझान जोशू सासाकी तिथं असायचे. कोहेन त्यांच्याकडे सत्तरच्या दशकापासून ये-जा करत होता पण १९९४ ला तो तिथं राहायलाच गेला आणि जवळपास पाच वर्षं राहिला. पहाटे तीनच्या सुमाराला उठायचं, थंडीत तासन्‌तास बसायचं, शिवाय गुरूंचा स्वयंपाक करायचा, त्यांची गाडी चालवायची. १९९६ ला रीतसर दीक्षा घेऊन भिक्षू झाला, जिकान हे नाव मिळालं. खोलीत एक कीबोर्ड होता त्यामुळं लिहिणं-वाजवणं पूर्ण बंद पडलं नव्हतं, हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतं.

आणि हो, तो धर्मानं ज्यू होता आणि शेवटपर्यंत ज्यूच राहिला. धर्म बदलला का असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, मला आधीच एक बरा धर्म आहे, दुसरा नकोय. टूरवर असतानासुद्धा ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायचा.

त्या गुरूंवर नंतर आरोप झाले ना?

झाले. २०१२ च्या शेवटी मठातल्या जुन्या शिष्यांनी जाहीरपणे सांगितलं की सासाकी वर्षानुवर्षं शिष्यांशी लैंगिक गैरवर्तन करत होते, आणि नंतर बाहेरच्या बौद्ध शिक्षकांच्या एका गटानं चौकशी करून ते आरोप गंभीर असल्याचं मांडलं. सासाकी २०१४ ला वयाच्या १०७ व्या वर्षी वारले. कोहेनच्या मठातल्या दिवसांबद्दल लिहिताना हा भाग बरेच चाहते गाळतात, तो गाळू नये.

मठातून निघून तो थेट मुंबईत आला होता हे खरंय का? का फॅन लोकांनी उठवलेली आवई?

शंभर टक्के खरंय. आणि आपल्याकडे हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

झालं असं की पाच वर्षं मठात काढूनही त्याचं डिप्रेशन काही हटलं नव्हतं. तरुणपणापासून होतं ते, गोळ्या झाल्या, दारू झाली, प्रेमप्रकरणं झाली, ध्यान झालं, सगळं करून झालं. मठात असतानाच रमेश बाळसेकरांचं पुस्तक त्याच्या वाचनात आलं होतं. १९९९ च्या सुरुवातीला त्यानं गुरूंचा निरोप घेतला आणि थोड्याच दिवसांत मुंबईचं विमान पकडलं. केम्प्स कॉर्नरला एका साध्या हॉटेलात खोली घेतली, आता एवढा मोठा स्टार म्हटल्यावर कुणालाही वाटेल की ताजमध्ये उतरला असेल पण नाही. रोज सकाळी चालत बाळसेकरांच्या घरी सत्संगाला, गमाडिया रोडवरच्या सिंधुला बिल्डिंगमध्ये. सत्संग झाला की ब्रीच कँडीला पोहायला, मग चहा, वाचन, लिहिणं. ओळखणारं जवळपास कुणी नाही. पुढची तीन-चार वर्षं तो असा अधूनमधून मुंबईला येत राहिला, एकदा येऊन गेला आणि संपलं असं नाही.

हे बाळसेकर कोण?

रमेश बाळसेकर, १९१७ चा जन्म, बँक ऑफ इंडियात अगदी वरच्या खुर्चीपर्यंत पोचलेले बँकर. रिटायर झाल्यावर निसर्गदत्त महाराजांकडे जायला लागले. महाराज आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतील: मूळचे मारुती कांबळी, बिड्यांचं दुकान चालवायचे, गिरगावात खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर बसून मराठीतून बोलायचे आणि समोर जगभरातले गोरे लोक मांडी घालून बसलेले असायचे. त्या मराठी बोलण्याचं इंग्रजी करून सांगणाऱ्यांमध्ये बाळसेकर होते. महाराज १९८१ ला गेल्यावर बाळसेकर स्वतःच्या घरी लोकांशी बोलायला लागले ते पार २००९ ला जाईपर्यंत.

त्यांचं सांगणं थोडक्यात असं की घटना घडतात, कर्मं होतात, पण करणारा असा वेगळा कुणी नाही. त्यामुळं अपराधीपणा, अहंकार, दुसऱ्याचा राग, यांना टेकायला जागाच उरत नाही. आपल्याला हे ऐकून नवीन काही वाटणार नाही, 'कर्ता करविता तो' हे आपण चहा पितानासुद्धा म्हणतो. पण माँट्रियलच्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर प्रत्येक कडव्याची, प्रत्येक मोडलेल्या नात्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, त्याला ते कुठं लागलं असेल याची कल्पना करा.

म्हणजे बाळसेकरांनी त्याचं डिप्रेशन बरं केलं?

असं छातीठोकपणे लिहू नका प्लीज, व्हॉट्सॅपवर असलं फार फिरतं. कोहेननं एवढंच सांगितलं की त्या काळात ते ओझं हळूहळू उतरायला लागलं, आणि नेमकं का ते त्यालाही सांगता यायचं नाही. बाळसेकरांबद्दल त्याला आदर होता, तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायचा. पण मुलाखतींमध्ये मिश्किलपणे हेही सांगायचा की वय वाढलं की काळजी करणाऱ्या मेंदूच्या पेशी मरतात असं कुठंतरी वाचलंय, तेही असेल. मला त्याचं हे उत्तर आवडतं. अध्यात्माचं क्रेडिट अध्यात्माला, म्हातारपणाचं म्हातारपणाला.

मुंबईत त्यानं काही लिहिलं का?

हो, कविता आणि चित्रं. २००६ ला आलेल्या 'बुक ऑफ लाँगिंग' या संग्रहात माउंट बाल्डीवरचं आणि मुंबईतलं बरंच आहे.

नंतरच्या टूरमध्ये भारतात शो झाला का?

नाही. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड सगळं झालं, भारत नाही. ज्या शहरात तो सत्संगाला चालत जायचा तिथं स्टेजवर कधी उभा राहिला नाही, वाईट वाटतं पण आहे हे असं आहे.

परत गेल्यावर त्यानं काय केलं?

ऑक्टोबर २००१ ला 'टेन न्यू साँग्ज' आला, 'द फ्युचर'नंतर नऊ वर्षांनी. हा अल्बम त्याचा जितका तितकाच शेरॉन रॉबिन्सनचा आहे, चाली तिनं बांधल्या, वाद्यांचं बहुतेक काम तिनं केलं, मागचे आवाज तिचे. रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या घराच्या गॅरेजवर केलेल्या छोट्या स्टुडिओत. ड्रमच्या जागी मशीनचा ठेका आहे आणि पहिल्यांदा ऐकताना तो स्वस्त वाटतो, खरंच वाटतो, हे मान्य करून पुढं ऐका, तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो ठेका ऐकू येणं बंद होतं आणि शब्द आत जायला लागतात. २००४ ला 'डिअर हेदर' आला, तो विस्कळीत आहे, माझ्या मते त्याच्या उत्तरार्धातला सगळ्यात कच्चा. वय सत्तर. सगळ्यांना वाटलं झालं, आता म्हातारा घरी बसणार. त्यालाही तसंच वाटत होतं.

पैसे गेले म्हणजे नक्की काय झालं?

२००४ च्या शेवटी कळलं की खात्यात जे असायला हवं होतं ते नाही. सतरा-एक वर्षं त्याचे व्यवहार बघणाऱ्या मॅनेजरनं, जिच्यावर त्याचा घरच्यासारखा विश्वास होता, म्हातारपणासाठी ठेवलेले पन्नास लाख डॉलरहून जास्त पैसे काढून घेतल्याचं त्याच्या वकिलांनी कोर्टात मांडलं. शिल्लक उरली दीड लाख डॉलरच्या आसपास. हा सगळा प्रकार चालू होता तेव्हा तो मठात भात शिजवत होता, हिशेब बघायला होतंच कोण. वर गाण्यांचे हक्कही विकले गेले होते. २००५ ला केस टाकली, २००६ ला कोर्टानं सुमारे नव्वद लाख डॉलर द्या असा निकाल दिला, पण कागदावर निकाल मिळणं वेगळं आणि हातात पैसे येणं वेगळं, ते काही वसूल झाले नाहीत. उलट वकिलांची बिलं भरायला घर गहाण टाकायची वेळ आली.

त्यानं यावर आरडाओरडा केला नाही. असं काही झालं की माणसाचा मूड थोडा जातो, अशा अर्थाचं काहीतरी बोलून सोडून दिलं. आता हा शांतपणा मठातला, मुंबईतला की स्वभावातला ते तुम्ही ठरवा.

म्हणजे केवळ पैशासाठी टूर काढली ना?

टूर *सुरू* पैशासाठी झाली, यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैशासाठी गाणारे रिटायर्ड स्टार कसे दिसतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, दीड तास, जुनी हिट गाणी, टेलिप्रॉम्प्टर, टाटा. इथं काय झालं ते बघा.

प्रमोटर मागं लागला होता, कोहेन तयार होत नव्हता, त्याला भीती अशी की पंधरा वर्षं स्टेजवर नाही, कोण येणार ऐकायला आणि आपल्याला तरी जमणार का. शेवटी ठरलं की आधी तालमी करू, जमलं नाही तर सोडून देऊ. तालमी झाल्या तीन महिने. तीन महिने! जी गाणी चाळीस वर्षं पाठ आहेत त्यांच्या. बँड उभा केला रोस्को बेक या जुन्या बेसवाल्यानं. स्पेनचा हाविएर मास तंतुवाद्यांना, नील लार्सन हॅमंड ऑर्गनला, रफाएल गायोल ड्रमला, बॉब मेट्झगर गिटारला, डिनो सोल्डो फुंकून वाजवायच्या सगळ्या वाद्यांना, आणि आवाजाला शेरॉन रॉबिन्सन आणि वेब भगिनी.

पहिला शो ११ मे २००८, कॅनडात फ्रेडरिक्टन नावाच्या लहानशा गावात, सातशे-एक खुर्च्यांच्या थिएटरमध्ये. वय ७३. मुद्दाम छोट्या गावांपासून सुरुवात, फसलं तर कुणाला कळू नये. फसलं नाही. जूनच्या शेवटी ग्लास्टनबरीला हजारो लोकांसमोर सूर्य मावळताना 'हॅलेलुया' झालं, १७ जुलैला लंडनच्या ओटू अरेनातला शो झाला ज्याची रेकॉर्डिंग नंतर 'लाइव्ह इन लंडन' म्हणून आली. डिसेंबर २०१० पर्यंत अडीचशेच्या आसपास शो. आणि गेलेले पैसे टूरमधून भरून निघाले त्यानंतर? परत २०१२-१३ ला दुसरी टूर. गरज संपल्यावरही तो थांबला नाही, तिथंच ती "बिचारा" वाली स्टोरी संपते. शेवटचा शो २१ डिसेंबर २०१३, ऑकलंड, वय ७९.

पण स्टेजवर असं काय करायचा की लोक रडायचे?

हे लिहून सांगणं अवघड आहे, व्हिडिओ बघा, पण प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, तो स्टेजवर पळत यायचा. सत्तरी पार केलेला माणूस, काळा सूट, फेडोरा हॅट, लहान पोरासारखा उड्या मारत आत यायचा आणि तसाच बाहेर जायचा. शो तीन तासांचा किंवा जास्त. मधेच गुडघ्यांवर बसून गायचा, आणि साधं बसणं नाही, झपकन खाली आणि परत वर, मठातल्या त्या पाच वर्षांचा सराव होता पायांना.

दुसरी गोष्ट साथीदारांची. हाविएर मासनं 'हू बाय फायर'च्या आधी एकट्यानं वाजवायला घेतलं की कोहेन त्याच्यासमोर जायचा, हॅट काढून छातीशी धरायचा आणि मान खाली घालून ऐकत राहायचा. आपल्याकडं मैफलीत गवई तबलजीला वाव देतो, मान डोलावतो, तसंच, पण हा दर शोला, दर वाजवणाऱ्याला, पूर्ण नावानिशी ओळख करून देऊन, एकदा नाही दोनदा. लाइटवाल्यांपासून साउंडवाल्यांपर्यंत सगळ्यांची नावं घ्यायचा. तेच शब्द, त्याच जागी, रोज. काही लोक म्हणतात यात उत्स्फूर्त काहीच नव्हतं, सगळं बसवलेलं होतं. बरोबर आहे, होतंच बसवलेलं. रोजची पूजाही बसवलेलीच असते की.

तिसरी गोष्ट विनोद. लंडनच्या शोमध्ये सांगतो की मागच्या वेळी स्टेजवर होतो तेव्हा साठ वर्षांचा होतो, डोक्यात वेडं स्वप्न घेऊन फिरणारं एक पोर. मग घेतलेल्या सगळ्या डिप्रेशनच्या गोळ्यांची यादी वाचतो, धर्म आणि तत्त्वज्ञानाचाही खोल अभ्यास केला म्हणतो, पण आनंद मधेमधे डोकं वर काढतच राहिला. 'टॉवर ऑफ साँग'मध्ये छोट्याशा कीबोर्डवर एका बोटानं वाजवल्यासारखा सोलो, त्यावर टाळ्यांचा कडकडाट, आणि हा गंभीर चेहऱ्यानं आभार मानतो. शेवटी जाहीर करतो की विश्वाचं कोडं आपल्याला सुटलंय, आणि उत्तर काय तर मागच्या मुली जे डू-डम-डम म्हणतायत ते.

आवाज इतका खाली कसा गेला?

सिगारेट, व्हिस्की आणि वय, तो स्वतः याच क्रमानं सांगायचा. सुरुवातीच्या अल्बममध्ये आवाज पातळ, नाकातून येणारा आहे. १९८८ पर्यंत खर्जात गेला आणि शेवटी शेवटी तर गाणं कमी, बोलणं जास्त. सिगारेट मधल्या काळात सोडली होती आणि ऐंशीव्या वाढदिवसाला परत सुरू करणार असं जाहीर सांगून ठेवलं होतं. अनुकरण करू नका.

पण एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. आवाजाची रेंज जितकी कमी झाली तितक्या चाली साध्या झाल्या, आणि सुरांचं काम बायकांच्या आवाजावर टाकलं गेलं. तो खाली जमिनीवर बोलतो आणि वर त्या गातात. ही पद्धत त्याच्याकडं आधीपासून होती, म्हातारपणी ती पद्धत न राहता गरज झाली, आणि गरजेतून ती जास्त चांगली झाली.

'हॅलेलुया' त्याचंच आहे का? मी तर जेफ बकलीचं समजत होतो.

त्याचंच. १९८४ चं. लिहायला वर्षं लागली, कडवी ऐंशीच्या आसपास लिहिली होती असं सांगतात. १९९१ ला जॉन केलनं कडवी निवडून पियानोवर गायलं, ते ऐकून १९९४ ला जेफ बकलीनं गायलं, २००१ च्या 'श्रेक'मध्ये केलचं वर्जन वाजलं आणि मग ते लग्नापासून मयतापर्यंत सगळीकडे सुरू झालं. डिसेंबर २००८ ला इंग्लंडच्या चार्टवर एका टीव्ही स्पर्धेतल्या विजेत्या गायिकेचं वर्जन पहिल्या नंबरवर, बकलीचं दुसऱ्या नंबरवर, आणि खुद्द कोहेनचं छत्तिसाव्या नंबरवर होतं. त्याला विचारलं तर म्हणाला गाणं चांगलं आहे, पण आता फार जण गातायत. तेही मिश्किलपणेच.

बॉब डिलनबरोबरचा किस्सा प्रसिद्ध आहे. पॅरिसमध्ये दोघं भेटले, डिलननं विचारलं हे लिहायला किती वेळ लागला, कोहेन म्हणाला दोन वर्षं (खरं तर जास्त, लाजेखातर कमी सांगितलं), मग यानं त्याच्या एका गाण्याबद्दल विचारलं तर डिलन म्हणाला पंधरा मिनिटं.

इस्रायलच्या शोवरून वाद झाला होता ना?

झाला होता. २४ सप्टेंबर २००९, तेल अवीवजवळ रामत गान स्टेडियम, पन्नास हजारांच्या घरात लोक. इस्रायलवर बहिष्कार टाका, तिथं गाऊ नका अशी मागणी होती. त्यानं कमाई दोन्ही बाजूंच्या, म्हणजे ज्यांची माणसं या संघर्षात मारली गेली अशा इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांसाठी काम करणाऱ्यांना द्यायचं ठरवलं, पॅलेस्टिनींच्या रामल्ला शहरात पण शो करायची तयारी होती पण तो तिकडून रद्द झाला. शेवटी त्यानं हात वर करून हिब्रूत पुरोहितांचा आशीर्वाद म्हटला, कोहेन हे आडनावच पुरोहित घराण्याचं. बहिष्कार योग्य की अयोग्य यावर तुमचं मत काहीही असू द्या, तो क्षण बघण्यासारखा आहे. त्याच्या सहा दिवस आधी स्पेनमध्ये स्टेजवरच चक्कर येऊन पडला होता हेही लक्षात ठेवून बघा.

मानसन्मान मिळाले का शेवटी?

रांग लागली. २००८ रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, २०१० ग्रॅमीचा जीवनगौरव, २०११ स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास, तोही साहित्यासाठी. स्पेनमधलं ते भाषण जरूर ऐका. तरुणपणी माँट्रियलच्या बागेत गिटार वाजवणारा एक स्पॅनिश पोरगा भेटला, त्यानं तीन दिवस येऊन सहा कॉर्ड शिकवल्या, चौथ्या दिवशी आला नाही, चौकशी केली तर त्यानं आत्महत्या केलेली. माझी सगळी गाणी त्या सहा कॉर्डवर उभी आहेत असं कोहेननं तिथं सांगितलं. ऑक्टोबर २०१६ ला डिलनला नोबेल मिळालं तेव्हा कोहेनची प्रतिक्रिया विचारली, तर म्हणाला एव्हरेस्टला सगळ्यात उंच असल्याबद्दल मेडल लावण्यासारखं आहे.

शेवटचे अल्बम कोणते?

२०१२ 'ओल्ड आयडियाज', अमेरिकेच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेला, पन्नास वर्षांच्या जवळ जाणाऱ्या करिअरमध्ये तिथं तो इतक्या वर कधीच गेला नव्हता. २०१४ 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स', ऐंशीव्या वाढदिवसाच्याच आठवड्यात. २०१६ 'यू वाँट इट डार्कर'.

आता हे गणित बघा: १९७९ ते २००४ या पंचवीस वर्षांत सहा अल्बम, आणि २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तीन. हा तोच माणूस आहे ज्याला एक गाणं लिहायला कधीकधी दहा वर्षं लागायची, जो म्हणायचा की कडवं टाकून द्यायचं असलं तरी आधी ते पूर्ण लिहावं लागतं. मग स्पीड कुठून आला? पॅट्रिक लिओनार्ड हा चाली बांधणारा चांगला साथीदार मिळाला हे एक कारण. टूरमुळं रोज रात्री लोकांसमोर शब्द तपासून बघता आले हे दुसरं. आणि वहीत वर्षानुवर्षं पडून असलेली अर्धवट गाणी, मठातली, मुंबईतली, ती पुरी करायची असतील तर आत्ताच, हे तिसरं. मला तिसरं सगळ्यात पटतं.

'यू वाँट इट डार्कर' आजारपणात केला म्हणतात, कसा?

मणक्याच्या हाडांना बारीक फ्रॅक्चर झाली होती, वेदना सतत, आणि सोबत रक्ताचा कॅन्सर. स्टुडिओत जाणं शक्यच नव्हतं. मग मुलगा ॲडम, जो स्वतः गायक आहे, त्यानं प्रोड्युसरचं काम अंगावर घेतलं आणि स्टुडिओच घरी आणला. दिवाणखान्यात मायक्रोफोन मांडला, पाठीला आधार देणारी आजाऱ्यांची खुर्ची आणली, त्या खुर्चीत बसून बाप गायचा आणि मुलगा लॅपटॉपवर घ्यायचा. कधी दिवसभरात थोडंच व्हायचं, कधी काहीच नाही. टायटल गाण्यात जो पुरुषांचा कोरस आहे तो माँट्रियलच्या शार हशोमायिम सिनेगॉगचा (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ), म्हणजे ज्या सिनेगॉगमध्ये तो लहानाचा मोठा झाला आणि जिथं त्याचे आजोबा-पणजोबा पदाधिकारी होते तिथला. गाण्यात तो एक हिब्रू शब्द म्हणतो, 'हिनेनी', देवानं हाक मारल्यावर अब्राहम जे उत्तर देतो तेच.

त्याच अल्बममध्ये 'ट्रीटी' आहे. ते आधी ऐका किंवा नंतर ऐका पण एकटे असताना ऐका.

"मी मरायला तयार आहे" म्हणाला आणि मग शब्द फिरवला, असं काहीतरी होतं ना?

ऑक्टोबर २०१६ ला 'न्यू यॉर्कर'मध्ये मोठी मुलाखत आली त्यात तसं बोलला होता. जगभर हेडलाइन. मग १३ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसला अल्बमच्या कार्यक्रमात काठी टेकत आला आणि म्हणाला जरा जास्तच नाटकी बोललो, माझा विचार कायमचं जगायचा आहे. अल्बम २१ ऑक्टोबरला आला. ७ नोव्हेंबरच्या रात्री घरात पडला आणि झोपेतच गेला, वय ८२. घरच्यांनी माँट्रियलला गुपचूप दफन उरकलं आणि मगच, १० तारखेला, बातमी जाहीर केली, अमेरिकेच्या निवडणुकीच्या गदारोळात. टायटल गाण्याला जानेवारी २०१८ ला ग्रॅमी मिळालं, ते रॉक विभागात, हसावं की रडावं कळत नाही.

मेल्यानंतर अल्बम आला तो खरा का जुळवाजुळव?

'थँक्स फॉर द डान्स', नोव्हेंबर २०१९. खरा आहे. आवाज कोहेननं स्वतः त्या घरातल्या सेशनमध्येच रेकॉर्ड केला होता, काही ठिकाणी नुसतं बोलणं आणि बारीक ठेका एवढंच होतं. ॲडमनं त्याभोवती संगीत रचलं आणि हाविएर मासला बोलावून बापाच्याच गिटारवर वाजवून घेतलं. असल्या मरणोत्तर अल्बमबद्दल मला सहसा शंका असते, कपाटं झाडून काढलेला माल असतो तो, हा तसा नाही. जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, ताणलेला नाही, हीच त्याची खूण.

मी नवीन आहे, कुठून सुरू करू?

पहिल्या अल्बमपासून क्रमानं जाऊ नका, निम्मे लोक तिथंच कंटाळून सोडतात. 'लाइव्ह इन लंडन' घ्या, ऑडिओ नाही, व्हिडिओ, आणि शक्यतो एका बैठकीत. मग 'टेन न्यू साँग्ज' रात्री हेडफोन लावून. मग 'यू वाँट इट डार्कर'. एवढं झाल्यावर १९६७ ला परत जा, तेव्हा तीच जुनी गाणी वेगळी लागतील कारण ती पुढं कुठं जाणार आहेत ते तुम्हाला माहीत असेल. 'डिअर हेदर' सगळ्यात शेवटी, किंवा नाही ऐकला तरी चालेल. इंग्रजी पटकन कळत नसेल तर शब्द समोर उघडून ठेवा, तो इतका सावकाश गातो की वाचत वाचत ऐकता येतं.